आधी ताबा, मग मालकी

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ११५४ मध्ये गादीवर आला, तेव्हा आधीचा राजा स्टीफन याच्या काळातल्या यादवीने जमिनींचा पार विचका करून ठेवला होता. ज्याच्या हाती किल्ला, तो शेजाऱ्याची शेतं बळकावी. पारडं फिरलं की तीच शेतं तिसऱ्याकडे जात. खरा मालक कोण हे ठरवत बसलं असतं, तर पिढ्या सरल्या असत्या. हेन्रीच्या सल्लागारांनी तो प्रश्न सरळ बाजूला ठेवला. त्यांची प्रतिभा मला इथेच दिसते. त्यांनी एवढंच विचारायचं ठरवलं: या माणसाला अलीकडे, निवाडा न होता, अन्यायाने जमिनीवरून हुसकावलं का?

११६६च्या सुमारास सुरू झालेला हा दावा ‘नॉव्हेल डिसीझिन’ म्हणून ओळखला जातो. तक्रारदार राजाच्या चान्सरीतून, म्हणजे सचिवालयातून, रिट मिळवी. रिट म्हणजे चर्मपत्राचा छोटा तुकडा, त्यावर लॅटिनमधला मोजका हुकूम आणि राजाची मेणावरची मुद्रा. हुकूम परगण्याच्या शेरीफला असे: बारा स्वतंत्र, भल्या माणसांना ती जमीन दाखव आणि ठरल्या दिवशी माझ्या न्यायाधीशांपुढे हजर कर. ‘अलीकडे’ म्हणजे कधीपासून, हेही रिटातच असे. राजा शेवटचा समुद्र ओलांडून नॉर्मंडीला गेला तेव्हापासून, अशी खूण दिलेली असे.

हे बारा जण त्याच भागातले. गावात कोणी कोणाचा बांध फोडला हे त्यांना आधीच ठाऊक असावं, अशीच अपेक्षा होती. त्यांचं उत्तर ‘हो’ आलं की जमीन परत. मालकीचा वाद कोणाला घालायचाच असेल, तर त्याचं रिट वेगळं. त्या वाटेवर प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत जाऊ शके आणि आजारपणाच्या सबबींनी तारखा लांबत. ताब्याच्या दाव्यात प्रतिवादीला सबब नव्हती. तो आला नाही तरी काम चाले. ही युक्ती रात्री जागून, पुष्कळ विचार करून काढलेली आहे, असं तेराव्या शतकात ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावरच्या ग्रंथात नोंदवलं आहे आणि मला ते पटतं.

यातून राजसत्ता कशी वाढली, ते पाहण्यासारखं आहे. तोवर कुळाचा वाद सरदाराच्याच दरबारात चाले, आणि हुसकावणारा पुष्कळदा तो सरदारच असे. आता कुळ थेट राजाकडे जाऊ लागलं. ११७६ मध्ये देशाची सहा मंडळं पाडून प्रत्येकात तीन फिरते न्यायाधीश नेमले गेले. सैन्य न पाठवता राजाचा शब्द सरदाराच्या जहागिरीत शिरला. दंडाचा पैसाही तिजोरीत आला. हेन्रीला तोही हवाच होता.

मात्र हे दार सर्वांना उघडं नव्हतं. जमिनीला बांधलेल्या भूदासाला, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या फार मोठ्या वर्गाला, आपल्या मालकाविरुद्ध हे रिट मिळत नसे. न्यायाच्या या कौतुकात मला ते सतत खुपतं.

सगळ्यात बोलका पुरावा १२१५चा. हेन्रीचा मुलगा जॉन याच्याविरुद्ध शस्त्र उचललेल्या सरदारांनी मॅग्ना कार्टात राजाचे हात जागोजागी बांधले. पण त्याच सनदेच्या अठराव्या कलमात या आणि अशाच आणखी दोन दाव्यांसाठी राजाने वर्षातून चार वेळा प्रत्येक परगण्यात दोन न्यायाधीश पाठवावेत, अशी तरतूद आहे. राजाशी भांडणाऱ्यांनाही राजाचं न्यायालय अधिक वेळा हवं होतं! १२१७च्या सनदेत हे प्रमाण वर्षातून एकदा इतकं खाली आलं, पण दावे वाढतच राहिले.

इंग्लंडने हा जुना दावा १८३३ मध्ये कायद्याने संपवला. त्यामागचा विचार मात्र भारतातही भेटतो. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या सहाव्या कलमानुसार, कायद्याचा मार्ग सोडून जमिनीवरून काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, समोरच्याने मालकी हक्क पुढे केला तरीही. मालकीचा निकाल मग वेगळ्या दाव्यात लागतो.