मुलामुलींची शाळा : एकत्र की वेगळी?

मुलगी सातवी पास होते. गावात पुढची शाळा नसते. मग घरात बोलणे निघते. आजी म्हणते, "मुलींची वेगळी शाळा असेल तर धाडा. पोरांबरोबर नको." काका म्हणतात, "मुलींच्या शाळेत अभ्यास चांगला होतो." मामा म्हणतो, "छे! पोरं बरोबर असली की चुरस लागते." यात खरे काय? नीट पाहू या.

आधी मागची हकीकत ऐका. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८८४ साली पुण्यातच हुजूरपागेची शाळा निघाली. त्या काळी मुलगी मुलांबरोबर बसणे लोकांना पटत नसे. वेगळी शाळा नसती, तर पुष्कळ मुली घरीच राहिल्या असत्या. वेगळ्या शाळेचा हा मोठा उपकार आहे.

पण वेगळे बसले म्हणून डोके जास्त चालते का?

शेतीचे उदाहरण घ्या. एकाची जमीन काळी, विहिरीला पाणी. दुसऱ्याची माळरानाची. पहिल्याला पीक जास्त आले. ते बियाण्यामुळे आले, असे आपण म्हणू का? आधी जमीन पाहू, पाणी पाहू. शाळेचेही तसेच आहे. एखाद्या मुलींच्या शाळेचा निकाल चांगला लागतो. पण तिथे शिकलेल्या घरच्या मुली जास्त असतील. प्रवेश देताना हुशार मुली निवडल्या असतील. मग तो गुण वेगळ्या वर्गाचा कसा म्हणायचा?

२०१४ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी याचा हिशेब मांडला. २१ देशांत झालेल्या १८४ पाहण्या त्यांनी एकत्र केल्या. त्यांत १६ लाख मुले होती. जिथे घरची स्थिती आणि आधीचा अभ्यास लक्षात घेतला होता, तिथे एकत्र आणि वेगळ्या शाळांत फरक जवळजवळ उरला नाही.

मग फरक कशाने पडतो? एकत्र शाळेत मुलींना मागे बसवले, त्यांना प्रश्न विचारला नाही, झाडलोट मात्र त्यांनाच सांगितली, तर त्या मागे पडणारच. हा दोष एकत्र बसण्याचा नाही, वागवण्याचा आहे. मुलींच्या शाळेत गणिताला शिक्षकच नसेल, तर तिथेही मुली मागेच राहतील.

म्हणून शाळा निवडताना स्वतः जाऊन बघा. शिक्षक रोज येतात का? मुलींनाही फळ्यापाशी बोलावतात का? मुलींसाठी वेगळे संडास आहे का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळेत ते असलेच पाहिजे. नसेल तर शाळा समितीत विचारा. शाळा लांब असेल तर एस.टी.ची चौकशी करा. महाराष्ट्रात खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. आणि घरी? पोरगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. मग ती अभ्यास केव्हा करणार? घरातले काम मुलालाही वाटून द्या.

मुलींची चांगली शाळा जवळ असेल तर जरूर धाडा. नसेल तर एकत्र शाळेत धाडा. पण वेगळ्या शाळेची वाट बघत मुलीला घरी बसवू नका. शाळा एकदा सुटली की पुन्हा धरणे फार अवघड जाते.