९८ हा ९२ पेक्षा भारी कसा? गोल्फच्या हँडिकॅपचं गणित

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आज आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकलं असेल तरी एकदा नजरेखालून घाला.

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस म्हटला की आपल्याला नीरज चोप्राचं सुवर्ण आठवतं. पण त्याच दिवशी पहाटेपासून कितीतरी लोक टीव्हीसमोर बसून चक्क गोल्फ बघत होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. चार दिवस, ७२ होल आणि एकूण २६९ फटके. कांस्यपदक मिळालं २६८ ला. एका फटक्यानं पदक हुकलं!

तिथं तुलना सोपी होती. सगळ्या जणी त्याच मैदानावर, त्याच चार दिवसांत खेळल्या. ज्याचे फटके कमी तो पुढे, विषय संपला. पण रविवारी सकाळी खेळणाऱ्या हौशी मंडळींचं काय? एक जण पुण्यात येरवड्याला खेळतो, दुसरा खारघरला, तिसरा बेळगावला. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतात, 'आज ९२', 'माझे ९८'. मग भारी कोण खेळलं?

उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. आधी दोन शब्द समजून घेऊ. पूर्ण राउंड १८ होलचा. चांगल्या खेळाडूला एखाद्या होलवर किती फटके लागायला हवेत, तो आकडा म्हणजे त्या होलचा 'पार'. तो बहुधा ३, ४ किंवा ५ असतो. १८ होलची बेरीज साधारण ७२ च्या आसपास जाते.

आता खरी गंमत. क्रिकेटची खेळपट्टी कुठंही जा, २२ यार्डांचीच. गोल्फचे दोन कोर्स कधीच सारखे नसतात. येरवड्याचा पूना गोल्फ क्लबचा कोर्स शहराच्या आत आहे. बावधनचा ऑक्सफर्ड टेकड्यांवर चढत-उतरत जातो. खारघरचा सिडकोनं बांधलेला कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे. आणि गोल्फचं मैदान म्हणजे केवढा पसारा, हे बघायचं तर आपल्या शेजारच्या बेळगावचा किस्सा आठवा. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी सक्रेबैलूच्या कॅम्पमधून हत्ती आणले, तरी आठवडेच्या आठवडे शोध चालूच! ज्या झाडीत बिबट्या सापडत नाही, तिथं तुमचा पांढरा चेंडू गेला तर काय होईल, विचार करा.

म्हणजे नुसत्या ९२ ला काही अर्थ नाही. कुठल्या कोर्सवर ९२, हे कळायला हवं.

हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. एमएचटी-सीईटी आठवा. परीक्षा कितीतरी शिफ्टमध्ये होते. कुणाला सोपा पेपर, कुणाला अवघड. म्हणून नुसते मार्क धरत नाहीत, पर्सेंटाइल काढतात. गोल्फमधला उपाय याच जातीचा आहे, त्याचं नाव हँडिकॅप. पूर्वी जगात वेगवेगळ्या पद्धती होत्या. २०२० पासून त्यांच्या जागी एकच 'वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम' आली. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियन तीच पद्धत वापरते.

यात प्रत्येक कोर्सला दोन आकडे दिलेले असतात.

पहिला, कोर्स रेटिंग. अगदी तयारीच्या हौशी खेळाडूला, ज्याचा हँडिकॅप शून्य आहे त्याला, इथं साधारण किती फटके लागतील, तो आकडा. उदाहरणार्थ ७०.० किंवा ७३.४.

दुसरा, स्लोप. नाव ऐकून उतार वाटेल, पण त्याचा जमिनीच्या चढाशी संबंध नाही. तयारीच्या खेळाडूच्या तुलनेत तुमच्या-माझ्यासारख्याला हा कोर्स किती जास्त छळतो, त्याचं हे माप. ते ५५ ते १५५ मध्ये असतं आणि ११३ हे प्रमाण धरलंय.

आता सूत्र: ११३ भागिले स्लोप, गुणिले (तुमचा स्कोअर वजा कोर्स रेटिंग). जे उत्तर येतं त्याला 'डिफरन्शियल' म्हणतात. ते जितकं कमी, तितका राउंड भारी. (हवामानामुळं त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर बिघडले, तर त्याचीही थोडी दुरुस्ती असते. ती इथं सोडून देऊ.)

दोन काल्पनिक कोर्स घेऊ. सोप्या कोर्सचं रेटिंग ७०.०, स्लोप ११३. तिथं राजू ९२ खेळला. डिफरन्शियल २२.०. अवघड कोर्सचं रेटिंग ७३.४, स्लोप १३६. तिथं संज्या ९८ खेळला. ९८ वजा ७३.४ म्हणजे २४.६, त्याला ११३/१३६ नं गुणलं की २०.४. म्हणजे सहा फटके जास्त मारूनही संज्याचाच राउंड सरस!

एका राउंडवर मात्र कुणाची लायकी ठरत नाही. शेवटचे २० राउंड घ्यायचे, त्यातले सगळ्यात चांगले ८ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. हा तुमचा हँडिकॅप इंडेक्स. नीट बघा, ही सगळ्या २० ची सरासरी नाही. तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता, त्याचा हा आकडा आहे. म्हणून बहुतेक रविवारी तुम्ही त्यापेक्षा वाईटच खेळणार. त्यात लाजायचं काही कारण नाही, सिस्टिमनं ते आधीच धरलंय.

याचा फायदा काय? कुस्तीत ५७ किलोचा गडी ९७ किलोवाल्याशी लढत नाही, म्हणून वजनी गट आले. गोल्फमध्ये गट न पाडताही दोघं एकत्र खेळू शकतात. वरच्याच अवघड कोर्सवर, पार ७२ धरून, २२ इंडेक्सवाल्याला २८ फटक्यांची सूट मिळते आणि ६ वाल्याला ९ ची. पहिला ९८ खेळला, २८ वजा, उरले ७०. दुसरा ८० खेळला, ९ वजा, उरले ७१. नवखा एका फटक्यानं जिंकला. मुलगी आणि बाप, कॉलेजचा पोरगा आणि निवृत्त काका, सगळ्यांची मॅच खरी होते.

आता चोरी कुठं होऊ शकते ते बघा. इन्स्टावर आपण वाईट फोटो लपवतो, चांगले टाकतो. गोल्फमधली लबाडी बरोबर उलटी असते. काही जण चांगले राउंड लपवतात! चांगला स्कोअर नोंदवलाच नाही, की हँडिकॅप फुगलेला राहतो, स्पर्धेत जास्त सूट मिळते आणि बक्षीस घरी. अशा माणसाला 'सँडबॅगर' म्हणतात, आणि क्लबात ही मोठी बदनामी समजतात.

सिस्टिममध्ये यावर उपाय आहेत. एखादा राउंड तुमच्या इंडेक्सपेक्षा ७ नं किंवा त्याहून जास्त सरस निघाला, तर इंडेक्स आपोआप १ नं कापला जातो. १० किंवा जास्त असेल तर २ नं. आणि गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा इंडेक्स ५ च्या वर वाढूच शकत नाही. पण कोड कितीही चांगला लिहा, इनपुट खोटा असेल तर आउटपुट खोटाच येणार. झाडीत चेंडू शोधताना तुमच्यासोबत अंपायर नसतो.

म्हणूनच गोल्फवाले अजून बॉबी जोन्सचं नाव काढतात. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. इतर कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःहून सांगितलं आणि एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक फटका नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती.

कुणाला हँडिकॅप काढायचा असेल, तर एकूण ५४ होलचे स्कोअर पुरतात. म्हणजे १८ होलचे तीन राउंड, किंवा ९ होलचे सहा. नोंदणी इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबमार्फत होते.

आणि पुढच्या वेळी कुणी 'आज ८९!' असं स्टेटस टाकलं, तर लाईक करायच्या आधी दोन प्रश्न विचारा. कोर्सचं रेटिंग आणि स्लोप किती? आणि भावा, गेल्या रविवारचा स्कोअरपण नोंदवलास ना?