सरासरीच्या आड दडलेले सत्य सांगणारी 'पेटी'

- प्रतिनिधी

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या जाहिरातींना बहर येतो. 'आमच्या विद्यार्थ्यांना सरासरी ८ लाखांचे पॅकेज' असे वाचून अनेक पालक शैक्षणिक कर्ज काढण्याची तयारी करतात. मात्र ही सरासरी नेमकी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर एका दृष्टिक्षेपात देणारा आलेख म्हणजे 'बॉक्स अँड व्हिस्कर प्लॉट'. मध्ये एक पेटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मांजराच्या मिशांसारख्या रेषा, असे त्याचे रूप असते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांच्या १९७७ मधील ग्रंथामुळे तो सर्वत्र रूढ झाला.

समजा, एका वर्गातील ११ विद्यार्थ्यांचे वार्षिक वेतन लाख रुपयांत असे आहे : ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७ आणि ४१. बेरीज ८८, म्हणजे सरासरी बरोबर ८ लाख. जाहिरात खोटी नाही. पण ११ पैकी १० जणांना ८ लाख मिळतच नाहीत!

आलेख कसा काढावा?

प्रथम आकडे चढत्या क्रमाने लावावेत. मधोमध येणारा सहावा आकडा, म्हणजे ५, हा 'मध्यक'. त्याच्या अलीकडील पाच आकड्यांचा मध्य ४ हा पहिला चतुर्थक, तर पलीकडील पाचांचा मध्य ६ हा तिसरा चतुर्थक. मोजपट्टीवर ४ ते ६ अशी पेटी काढून ५ वर उभी रेघ मारावी.

आता मिशा. दोन्ही चतुर्थकांतील अंतर २. त्याची दीडपट ३. पेटीच्या दोन्ही टोकांपासून तेवढ्या अंतरावर, म्हणजे १ आणि ९ वर, सीमा मानावी. या सीमांच्या आत येणाऱ्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत, अर्थात ३ आणि ७ पर्यंत, रेषा ओढाव्यात. सीमेबाहेरचा ४१ हा आकडा स्वतंत्र टिंबाने दाखवावा.

चित्र बोलके होते. मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे वेतन ४ ते ६ लाखांत आहे आणि दूरवरचे एकटे टिंब सरासरी फुगवते आहे. असे टिंब चूक समजून पुसू नये. ते का आले, याचा शोध घ्यावा.

या आलेखालाही मर्यादा आहेत. आकडे दोन वेगळ्या गटांत विभागले असतील तर पेटी ते लपवते. चतुर्थक काढण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक असल्याने संगणकाचे उत्तर किंचित वेगळे येऊ शकते.

तरीही प्रवेशाच्या वेळी पालकांनी एवढे जरूर विचारावे : सरासरी राहू द्या, मध्यक किती? आणि हा हिशेब किती विद्यार्थ्यांचा? कर्जाचा हप्ता सरासरीतून नव्हे, हाती येणाऱ्या पगारातून फेडायचा असतो.