नर्सिंग होम आणि आपण

पुण्या-मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हटले की बाळंतपणाचे छोटे हॉस्पिटल डोळ्यांपुढे येते. इथे अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे, आणि तो आता आपल्या घरांपर्यंत पोचला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आलेली आपली पहिली पिढी ऐंशीच्या घरात गेली आहे. “आईला तिथे ठेवले?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. “तिथे त्यांचे नीट होते ना?” असे विचारणारे थोडे. आम्ही लिहितो आहोत ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

इथली सुधारणा आपोआप झालेली नाही. १९७५ साली एल्मा होल्डर या बाईंनी ठिकठिकाणच्या नागरिक गटांना एकत्र आणून राष्ट्रीय संघटना उभारली. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. मग रुग्णांच्या बाजूचे गट, व्यावसायिक संघटना आणि खुद्द नर्सिंग होमचालक एकत्र बसले. एरवी एकमेकांवर आरोप करणारी ही मंडळी, पण पटले तेवढ्या मुद्द्यांवर त्यांनी एकमत केले आणि १९८७ चा सुधारणा कायदा झाला. त्याआधी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला, पलंगाला बांधून ठेवणे सर्रास चाले. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असे बांधण्यास कायद्याने मनाई केली.

काम संपलेले नाही. २०११ च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के लोकांना मनोविकारावरची गुंगी आणणारी औषधे दिली जात होती. २०१२ पासून सरकार व संस्थांनी मिळून हे प्रमाण बरेच खाली आणले. पण काही ठिकाणी चुकीचे निदान नोंदवले जात असल्याच्या शंकेने २०२३ मध्ये त्याचीही तपासणी सुरू करावी लागली. कायदा कागदावर असतो. लक्ष ठेवायला माणसे लागतात.

ती माणसे आपणही आहोत. दाखल झाल्यापासून ४८ तासांत काळजीचा प्राथमिक आराखडा तयार व्हायला हवा. नंतरच्या आराखडा-बैठकीला जरूर जावे. शाकाहार, उपवास, पूजेची वेळ, डाव्या कानाने कमी ऐकू येणे, सारे तिथे लिहवून घ्यावे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली इंग्रजी आधी पुसली जाऊ शकते. तेव्हा ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘संडास’ असे दहा-वीस शब्द रोमन लिपीत लिहून पलंगाजवळ लावावेत.

नातेवाइकांची ‘फॅमिली कौन्सिल’ स्थापण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तिला जागा देणे व तिच्या तक्रारींची दखल घेणे नर्सिंग होमला बंधनकारक आहे. एका ठिकाणी मराठी घर एकच असेल, तर गुजराती, चिनी, अमेरिकन शेजाऱ्यांना बरोबर घ्या. तक्रार सुटली नाही तर प्रत्येक राज्यात ऑम्बड्समन असतो, आणि त्याची सेवा मोफत आहे. त्याचा पत्ता १-८००-६७७-१११६ या एल्डरकेअर लोकेटरच्या क्रमांकावर मिळेल.

आणि सभासदहो, आपल्या गावातल्या नर्सिंग होममध्ये कोणी मराठी आजी-आजोबा असतील तर मंडळाला कळवा. आठवड्यातून अर्धा तास मराठी बोलायला आपल्यापैकी कोणीतरी नक्की जाईल. ज्यांच्याकडे लोक येतात-जातात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.