ग्लासगोची ओतशाळा आणि लालबागेतील काचघर

बंगळुरूच्या लालबागेतील काचघर हे उद्यानकलेइतकेच व्हिक्टोरिया राणीच्या काळातील यंत्रोद्योगाचेही स्मारक होय. 30 नोव्हेंबर 1889 रोजी राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. उद्यानाचे अधीक्षक जॉन कॅमेरून यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या या वास्तूचे ओतीव लोखंडी भाग ग्लासगोच्या ‘वॉल्टर मॅकफार्लेन आणि कंपनी’च्या सॅरासेन ओतशाळेत तयार झाले होते.

वॉल्टर मॅकफार्लेन (1817–1885) यांनी आधी जवाहिऱ्याकडे काम केले आणि मग लोहाराकडे उमेदवारी केली. नाजूक नक्षी आणि तप्त लोखंड या दोहोंची जाण त्यांना अशी लाभली. 1850 च्या सुमारास मेहुणे टॉमस रसेल आणि जेम्स मार्शल यांच्यासह त्यांनी भागीदारीत ओतशाळा काढली. सॅरासेन लेन या गल्लीवरून तिला नाव मिळाले. पुढे 1872 च्या सुमारास ती पॉसिलपार्क येथे गेली.

या भागीदारीचे खरे सामर्थ्य तिच्या पद्धतीत होते. कुशल सुतार लाकडाचा नमुना कोरी. तो वाळूत दाबून साचा घेतला जाई आणि त्यात वितळलेले लोखंड ओतले जाई. एकाच नमुन्यावरून असे कितीतरी खांब निघत. सचित्र सूचिपत्रात प्रत्येक भागास क्रमांक असे. ग्राहकाने क्रमांक कळवावा, भाग जहाजाने यावेत आणि ते जागेवर बोल्टांनी जोडावेत, अशी ही व्यवस्था होती. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, त्यामुळे सडपातळ खांबही मोठे छप्पर तोलू शकत. 1897 च्या आगीनंतर बांधलेल्या म्हैसूरच्या राजवाड्यातही याच ओतशाळेचे खांब आहेत.

तथापि, खांब आले तरी नमुने, भट्ट्या आणि कसब ग्लासगोतच राहिले. ही उणीव भरून निघण्यास स्वतःचा लोहउद्योग हवा होता. म्हैसूर संस्थानाने भद्रावती येथे उभारलेला लोखंडाचा कारखाना 1923 मध्ये सुरू झाला आणि 1935 मध्ये काचघराचा विस्तार करताना भद्रावतीचेच पोलाद वापरण्यात आले. पोलाद आणि काँक्रीट यांच्या प्रसारामुळे नक्षीदार ओतकामाची मागणी ओसरली. सॅरासेन ओतशाळा 1967 मध्ये बंद पडली. लालबागेतील पुष्पप्रदर्शने मात्र आजही त्याच काचघरात भरतात.