दूरच्या यंत्राची किल्ली



एका लहानशा चुकीची हकीकत सांगून या लेखास आरंभ करितों. चूक माझीच आहे, म्हणून ती सांगावयास संकोच नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंतील जुना संगणक माझ्या देखरेखीखालीं होता. त्यावरील गुणपत्रकें घरीं बसून पाहतां यावींत, म्हणून मीं त्यांत बाहेरून प्रवेश करण्याची सोय केली. आणि परवलीचा शब्द लक्षांत राहावा म्हणून शाळेचें नांव व त्यापुढें सालाचा आंकडा असा ठेविला. कोण आलें, कोण गेलें, याची नोंद असें यंत्र आपण होऊनच ठेवीत असतें. दुसरे दिवशीं सकाळीं ती नोंद उघडून पाहतों तों काय! एका रात्रींत शेंकडों वेळां अनोळखी ठिकाणांहून कोणी तरी दार ठोठावून पाहिलें होतें. दर वेळीं निराळें नांव, निराळा शब्द. कोणी आंत शिरलें नाहीं, हें माझें शहाणपण नव्हे. सुदैव म्हणावें इतकेंच. मुलांचे गुण ज्याच्या भरंवशावर ठेविलेले, त्यानेंच दाराला सुतळीची गांठ मारून ठेवावी, याची मला लाज वाटली. मीं तें दार त्याच क्षणीं बंद केलें, आणि हा विषय पहिल्या धड्यापासून शिकावयास बसलों. त्या अभ्यासांत जें उमगलें, तें तुमच्यापुढें व तुमच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दूरप्रवेश म्हणजे काय तें पाहूं. जळगांवच्या घरीं बसून धुळ्याच्या संगणकास आज्ञा द्यावी, त्यानें ती तेथें पाळावी आणि तिचें उत्तर जळगांवच्या पडद्यावर उमटावें, यास दूरप्रवेश म्हणतां येईल. ही केवळ चैनीची गोष्ट नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें इ. स. १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, हें तुम्ही पुस्तकांत वाचलें असेल. त्याच घराण्यांतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक इ. स. २०१९ सालीं पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत बसविण्यांत आला. अशा यंत्रापुढें खुर्ची मांडून कोणी बसत नाहीं. ज्यांस परवानगी मिळाली आहे ते संशोधक आपापल्या जागेवरून त्यास गणितें धाडितात व उत्तरें मागवितात. जगांतील पांचशें बलाढ्य महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील प्रत्येक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवरच चालत आलें आहे. मौज ही कीं, त्या महासंगणकाचें दार ज्या किल्लीनें उघडतें, त्याच जातीच्या किल्लीनें आपल्या घरच्या जुन्या संगणकाचेंही दार उघडतें. आणि ती बनविण्यास एक पैसाही पडत नाहीं.

मग भय कशाचें? जळगांवाहून धुळ्यास जाणारी मोटार जशी पाळधी, एरंडोल, पारोळा असे टप्पे घेत जाते, तसाच संगणकाचा संदेशही मधल्या अनेक यंत्रांच्या हातांतून पुढें सरकत जातो. कधीं तर तो मुंबईस वळसा घालूनही येतो. जुन्या काळची जी दूरप्रवेशाची रीत, जिला टेलनेट म्हणत व जिचा आरंभ १९६९ सालचा आहे, तींत सर्व मजकूर पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणें उघडा जात असे. परवलीचा शब्दही उघडाच! वाटेंतील एखाद्यानें डोळा ठेविला तर त्यास सारें वाचतां येई.

नेमकें असेंच फिनलंड देशांत घडलें. इ. स. १९९५ सालीं हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणीं तरी चोरून ऐकणारा एक कार्यक्रम बसविला. तो सांपडला तेव्हां त्याच्या सांठ्यांत हजारों लोकांचीं नांवें व परवलीचे शब्द जमा झालेले होते. तेथील संशोधक ताटु युलोनेन यांनीं यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर शेल’, संक्षेपानें एसएसएच, हें साधन रचिलें आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत तें सर्वांस विनामूल्य देऊन टाकिलें. वर्षअखेर सुमारें पन्नास देशांतील वीस हजार लोक तें वापरूं लागले होते. पुढें त्याच्या वापरावर अटी वाढत गेल्या. तेव्हां ओपनबीएसडी नांवाच्या मुक्तस्रोत मंडळींनीं त्याची एक जुनी, अटी नसलेली प्रत घेऊन ती शुद्ध केली, आणि १९९९ च्या डिसेंबरांत ‘ओपनएसएसएच’ या नांवानें लोकांपुढें ठेविली. आज जगभर जें साधन वापरलें जातें तें बहुतांशीं हेंच होय.

आतां या कुलपाची रचना पाहूं. पहिला प्रश्न असा कीं, दोन यंत्रांची पूर्वीं भेट नाहीं आणि मधला रस्ता तर सर्वांस उघडा. मग त्यांनीं आपसांत गुप्त आंकडा ठरवावा तरी कसा? याचें उत्तर व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं दिलें. तें इतकें सुंदर आहे कीं, कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही स्वतः करून पाहावें. जळगांवचा गडी व धुळ्याचा गडी यांनीं सर्वांदेखत दोन आंकडे ठरविले : ३ आणि १७. जळगांवकरानें मनांत ६ धरिले. ३ चा सहावा घात ७२९. त्यास १७ नें भागिल्यास बाकी १५ उरते. तेवढी बाकी त्यानें धुळ्यास कळविली. धुळेकरानें मनांत ७ धरिले. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. ती त्यानें जळगांवास कळविली. आतां जळगांवकर आलेल्या ११ चा सहावा घात करून १७ नें भागतो, बाकी ८. धुळेकर आलेल्या १५ चा सातवा घात करून १७ नें भागतो. बाकी पुन्हा ८! दोघांस एकच आंकडा मिळाला, आणि तो रस्त्यावरून एकदांही गेला नाहीं. वाटेंतल्या माणसानें ३, १७, १५ व ११ हे सर्व ऐकिले, तरी ८ त्याच्या कानीं पडले नाहींत. एवढ्या लहान आंकड्यांत तो खटपटीनें तें शोधील. परंतु १७ च्या जागीं सहाशेंहून अधिक अंकांची संख्या असली म्हणजे आजच्या यंत्रांसही तो शोध आटोक्यांत येत नाहीं. अशा रीतीनें ठरलेल्या आंकड्याच्या आधारें पुढील सर्व मजकूर कूटरूपानें जातो. उद्यांच्या निराळ्या जातीच्या, म्हणजे क्वांटम संगणकांस हें गणित कदाचित् सुटेल, असें जाणून ओपनएसएसएचच्या मंडळींनीं २०२२ पासून त्यास आणखी एका नव्या गणिताची जोड दिली आहे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. समोरचें यंत्र खरोखर धुळ्याचेंच कशावरून? प्रत्येक यंत्रास स्वतःची एक निशाणी असते. प्रथम भेटीच्या वेळीं ती निशाणी पडद्यावर दाखवून आपणांस विचारिलें जातें, ‘हें यंत्र तुमच्या ओळखीचें आहे काय?’ बहुतेक जण न वाचतांच होकार देतात. मींही कित्येक महिने तसेंच केलें. वास्तविक ती निशाणी यंत्राच्या मालकाकडून अगोदर मागवून अक्षरशः ताडून पाहावयाची असते. एकदां ओळख पटली म्हणजे आपला संगणक ती जपून ठेवितो, आणि पुढें कधीं ती बदललेली दिसली तर मोठ्यानें इशारा देतो. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणें म्हणजे अनोळखी इसमास घरचा समजून आंत घेणें होय.

तिसरा प्रश्न उलट बाजूचा. आपण आपणच आहों हें त्या यंत्रास कसें पटवावें? परवलीचा शब्द हा एक मार्ग झाला. पण तो किती दुबळा, हें माझ्या हकीकतीवरून दिसलेंच. याहून चांगला मार्ग किल्ल्यांच्या जोडीचा. तो समजण्यासाठीं जुन्या कागदपत्रांवरील शिक्के आठवावे. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवानें चालणारें संशोधन मंडळ आहे. अशा ठिकाणीं जुने कागद अभ्यासणारा मनुष्य कागदावर उठलेला शिक्का ओळखीच्या ठशाशीं ताडून कागदाचा खरेखोटेपणा ठरवितो. ठसा शेंकडों लोकांनीं पाहिला तरी बिघडत नाहीं. शिक्का मात्र धन्याच्याच कमरेस असावा लागतो. येथेंही तसेंच आहे. आपला संगणक एक खाजगी किल्ली व एक सार्वजनिक किल्ली अशी जोडी बनवितो. सार्वजनिक किल्ली म्हणजे ठसा. ती दूरच्या यंत्रावर ठेवावी. खाजगी किल्ली म्हणजे शिक्का. ती आपल्या संगणकांतून कधींही बाहेर जात नाहीं. प्रवेश मागतांना आपला संगणक त्या भेटीपुरत्या एका मजकुरावर शिक्का उठवितो, आणि दूरचें यंत्र तो ठशाशीं ताडून पाहतें. शिक्का खोदणाऱ्या लबाडाची गोष्ट इतिहासांत आढळते. परंतु येथें ठशावरून शिक्का बनविणें हें पुन्हा त्या न सुटणाऱ्या गणिताइतकेंच कठीण आहे.

येथें कोणी शंका काढील कीं, कुलपाची सर्व रचना जर उघड छापलेली आहे, तर चोरही ती वाचणार नाहींत काय? अवश्य वाचतील. परंतु ऑगस्ट केरखॉफ्स या विद्वानानें १८८३ सालींच असें प्रतिपादन केलें होतें कीं, किल्लीखेरीज सर्व कांहीं शत्रूस कळलें तरी जें टिकतें, तेंच कूट खरें. रचना उघडी असली म्हणजे तींतील दोष हजारों डोळ्यांस दिसूं शकतात. मात्र ‘दिसूं शकतात’ म्हणजे आपोआप दिसतात असें नव्हे. कोणी तरी पाहावें लागतें. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास आपल्या संगणकावर एसएसएचचा प्रवेश सुमारें अर्धा सेकंद उशीरा होत असल्याचें जाणवलें. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. यांनीं कारण शोधिलें. तेव्हां असें उघडकीस आलें कीं, ‘एक्सझेड’ नांवाच्या एका साहाय्यक साधनांत कोणीं खोट्या नांवानें दोन वर्षांहून अधिक काळ इमानें काम केल्याचें सोंग करून, त्याच्या थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून, चोरदार बसविलें होतें. तें दार जगभर पसरण्यापूर्वींच पकडलें गेलें. रचना उघडी होती म्हणून तें शोधितां आलें. आणि एका माणसानें अर्ध्या सेकंदाची हयगय केली नाहीं म्हणून तें सांपडलें. दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

आतां पालकांस दोन शब्द. दूरप्रवेशाचीं साधनें केवळ विद्वानांच्याच हातीं आहेत असें नाहीं. ‘मी बँकेंतून बोलतों; अमुक अ‍ॅप फोनवर उतरवून घ्या आणि त्यावर दिसणारा आंकडा मला सांगा,’ असा फोन कोणासही येऊं शकतो. तो आंकडा सांगून पुढील परवानगी दिली कीं, आपला फोन त्या परक्याच्या हातीं गेलाच समजा. बँकेचा गुप्त क्रमांकही त्यास आपल्याबरोबरच दिसतो. रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींतच अशा फसवणुकीविषयीं सावध केलें होतें. येथें कुलूप मोडलेलें नसतें; धन्यानेंच किल्ली हातीं दिलेली असते. असा प्रसंग ओढवल्यास लाजेनें गप्प न राहतां ताबडतोब बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांचें मोल फार असतें. आणि घरांतील मुलानें ‘बाबा, आंकडा सांगूं नका,’ असें म्हटल्यास त्यास लहान समजून गप्प करूं नये.

मुलांनो, हें शिकावयाचें तर दोन जुने संगणक आणि लिनक्सची फुकट मिळणारी प्रत एवढें पुरे. एका यंत्रावरून दुसऱ्यांत प्रवेश करून पाहा. ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेनें किल्ल्यांची जोडी बनवा; खाजगी किल्लीवर स्वतंत्र परवलीचें वाक्य घाला; जोडीनें प्रवेश होऊं लागला म्हणजे नुसत्या शब्दानें होणारा प्रवेश बंद करा; आणि नोंद रोज वाचा. मात्र हा अभ्यास स्वतःच्या यंत्रावर अथवा धन्याच्या परवानगीनेंच करावा. परक्याच्या यंत्रांत विनापरवानगी शिरणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें गुन्हा आहे. शिवाय कायदा नसता तरी तें आपणांस शोभलें नसतें.

माझ्या हवालीं असलेल्या त्या जुन्या यंत्राचें दार मीं पुढें पुन्हा उघडलें. पहिल्याच रात्रीं ठोठावणारे पूर्वींप्रमाणेंच आले, नांवें व शब्द बदलून पाहून गेले. परंतु आतां तेथें शब्द चालतच नव्हता, आणि किल्ली माझ्याजवळ होती.