सुई रक्तपेढीची, शिबिर आपलं

रविवारी सकाळी साडेआठला मंगल कार्यालयाच्या दारात रक्तपेढीची गाडी येऊन थांबते. घडीच्या कॉट उतरतात, शीतपेट्या उतरतात, वजनकाटा उतरतो. मागोमाग एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि तंत्रज्ञ. आत दहाबारा माणसं आधीच कामाला लागलेली असतात. कुणी सतरंज्या अंथरतंय, कुणी भिंतीला बाणांच्या पाट्या चिकटवतंय, कुणी चहावाल्याला फोन लावतंय. ही रोटरी किंवा लायन्ससारख्या क्लबची माणसं. एरवी त्यांतला एक किराणा दुकानदार असतो, एक शिक्षिका, एक विमा एजंट, एक निवृत्त बँक कर्मचारी. सुईला हात लावण्याचा अधिकार यांतल्या एकालाही नाही. तरीही आलेला माणूस पुन्हा रक्तदानाला येणार की नाही, हे बरंचसं त्यांच्या हातात असतं. ते कसं, हे शिबिराच्या क्रमानंच पाहू.

या क्लबांचं मूळ शिकागोतलं. १९०५ साली तिथे रोटरी सुरू झाली. सदस्यांच्या कचेऱ्यांत आळीपाळीनं सभा भरायच्या, त्यावरून हे नाव पडलं. लायन्सची सुरुवातही शिकागोतूनच, १९१७ साली. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली आणि लायन्स १९५६ मध्ये. आज तालुक्याच्या गावातही यांपैकी एखादा क्लब असतो. दोन्ही संस्थांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. तो डॉक्टर दिनही असतो. साहजिकच नव्या अध्यक्षांना पहिला उपक्रम म्हणून रक्तदान शिबिर आठवतं.

आधी तारीख

शिबिराचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हॉल ठरवण्याच्या कितीतरी आधी, बैठकीतच होतो. तो म्हणजे तारखेचा. त्यासाठी चार आकडे समोर ठेवावे लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रीला १२० दिवस.

आता समजा, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गावातल्या पाचशे जणांनी एकाच दिवशी रक्त दिलं. सातव्या आठवड्यात त्यातली एकही तांबडी पिशवी वापरण्याजोगी उरत नाही. आणि ज्यांच्याकडे मागायला जावं, ते पाचशेही जण अजून अपात्रच असतात. उलट एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, ऊन तापलेलं, त्यामुळे शिबिरं जवळजवळ थांबतात. शस्त्रक्रिया आणि अपघात काही थांबत नाहीत. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, मग उन्हाळा असो की दिवाळी. म्हणून जाणता क्लब आधी रक्तपेढीला विचारतो, "तुम्हाला कधी आणि किती लागेल?" उत्तर बहुतेक वेळा "मेमध्ये घ्या, साठ-सत्तर पुरेत" असं असतं. बैठकीत मात्र कुणीतरी "दोनशेच्या खाली नको" म्हणतोच.

दोनशेवाल्यांना नियम दाखवावा. तीन तासांत ५० ते ७० पिशव्या घ्यायच्या असतील, तर एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ आणि सहा ते आठ कॉट इतकी तयारी लागते, असं औषध नियमावलीतच लिहिलेलं आहे. तेवढ्याच पथकाकडून १०० ते १२० पिशव्या हव्या असतील, तर वेळ पाच तासांची धरावी लागते. शिबिर कुणाकडून घ्यायचं यालाही नियम आहे. सरकारी, रेड क्रॉसच्या किंवा राज्य रक्त संक्रमण परिषदेनं मान्यता दिलेल्या धर्मादाय संस्थांच्या परवानाधारक रक्तपेढ्याच बाहेर जाऊन शिबिर घेऊ शकतात. कायद्याच्या भाषेत त्यांना आता रक्तकेंद्र म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र रक्तपेढीच आहे.

तारीख पक्की करण्यापूर्वी भिंतीवरचं कॅलेंडरही बघावं. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणी सोमवार असेल, तर निम्मे दाते उपाशीपोटी येतात आणि परत पाठवावे लागतात.

हॉलची मांडणी

तळमजला, भरपूर उजेड, पंखे, हात धुवायला नळ, वीज गेली तर जनरेटर, एवढं पाहून हॉल घ्यावा. टेबलं ज्या क्रमानं दाता पुढे सरकतो त्याच क्रमानं लावावीत: नोंदणी, वजन, हिमोग्लोबिन, डॉक्टर, कॉट, विश्रांती, चहा. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांना आडवे येऊ नयेत.

डॉक्टरांच्या टेबलाभोवती पडदा हवाच. तिथे कावीळ, गुप्तरोग, औषधं, व्यसनं, गर्भारपण असे सगळे प्रश्न होतात. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. शेजारच्या खुर्चीत क्लबचाच सदस्य कान देऊन बसला असेल, तर कोण खरं सांगेल? स्वयंसेवकानं त्या पडद्यापासून दहा पावलं लांब उभं राहावं आणि रांगही तिथेच थांबवावी.

नोंदणीचं टेबल

इथे बसणाऱ्याचा पहिला प्रश्न नावाचा नसावा. "काही खाल्लंय का?" असं विचारावं. रक्त देण्यापूर्वीच्या चार तासांत पोटात व्यवस्थित अन्न गेलेलं असावं लागतं. रक्त तपासायला उपाशी जातात म्हणून रक्त द्यायलाही उपाशीच जायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. अशांना आल्या पावली परत न पाठवता कांदेपोह्यांची बशी द्यावी आणि तासाभरानं पुन्हा बोलवावं. रात्रपाळी करून थेट आलेल्याला मात्र घरी झोपायला पाठवावं.

पुढचे प्रश्न वयाचे आणि वजनाचे. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देणारा साठीच्या पुढे गेलेला नसावा. वजन किमान ४५ किलो असेल तर ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ४५० मिलिलिटर घ्यायचं तर वजन ५५ किलोच्या वर लागतं. गेल्या बारा महिन्यांत गोंदवून घेतलं असेल तर थांबावं लागतं, आणि हल्ली कॉलेजच्या मुलांत हेच कारण फार निघतं.

फॉर्म भरायला मदत करणं हे स्वयंसेवकाचं काम. दात्याच्या वतीनं उत्तरं देणं हे त्याचं काम नव्हे. रांग वाढली की "सही करा, बाकीचं मी भरतो" असं म्हणायचा मोह होतो. त्या फॉर्मवरची प्रत्येक खूण कुणातरी रुग्णाच्या सुरक्षिततेची असते. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न हळू आवाजात वाचून दाखवावा आणि तो जे सांगेल तेच लिहावं.

मोरचुदाचा थेंब

यानंतर बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहतात. काही ठिकाणी छोटं यंत्र असतं, पण जुनी पद्धत बघण्यासारखी आहे. काचेच्या नळीत निळं द्रावण असतं. ते मोरचुदाचं, म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात त्याच कॉपर सल्फेटचं. त्याची विशिष्ट घनता १.०५३ ठेवलेली असते. रक्ताचा थेंब त्यात सोडला आणि तो सरळ तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. थेंब मध्येच रेंगाळला किंवा वर आला, तर कमी आहे.

तंत्रज्ञाचं काम इथे संपतं आणि स्वयंसेवकाचं सुरू होतं. कारण थेंब तरंगला की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो. परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात. धीर करून, घरच्यांची समजूत घालून त्या आलेल्या असतात. त्यांना "तुमचं रक्त चालत नाही" असं मोठ्यानं सांगितलं, की त्या पुन्हा कुठल्याही शिबिराची पायरी चढत नाहीत. बाजूला घेऊन नीट सांगावं: "ताई, तुमचं हिमोग्लोबिन जरा कमी आहे. आज तुम्हालाच ते भरून काढायचंय. हा आकडा लिहून दिलाय, डॉक्टरांना दाखवा." मग त्यांनाही त्याच चहाच्या टेबलावर बसवावं, तीच बिस्किटं द्यावीत. कित्येकींना आपल्या अंगात रक्त कमी आहे हे पहिल्यांदा शिबिरातच कळतं.

कॉटजवळ

दाता कॉटवर आडवा झाला की परिचारिका कोपराच्या खोबणीतली शीर शोधते. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून आधीच द्रावण भरलेलं असतं. ती एका डुलत्या यंत्रावर ठेवतात, म्हणजे रक्त आणि द्रावण सतत मिसळत राहतं. दाता हातातला चेंडू दाबत राहतो. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरते.

स्वयंसेवकानं तेवढा वेळ उशाशी उभं राहून साध्या गप्पा माराव्यात. शेतीच्या, क्रिकेटच्या, मुलांच्या शाळेच्या. डोळे मात्र दात्याच्या चेहऱ्यावर हवेत. बोलता बोलता तो गप्प झाला, जांभया यायला लागल्या, ओठांवर घाम आला, रंग उतरला, तर लगेच परिचारिकेला हाक मारायची. ती रक्त घेणं थांबवते आणि पाय उंच करते. बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं. तोंडावर पाण्याचे हबके मारणं, नाकाला कांदा लावणं, भोवती गर्दी करून वारा अडवणं, यांतलं काहीही करायचं नाही. एकाला चक्कर आलेली पाहून शेजारच्या कॉटवरच्यालाही येते, म्हणून पडदा ओढून घ्यावा.

फोटोचंही इथेच सांगून टाकतो. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सचिव आणि मधे आडवा पडलेला दाता, हा फोटो प्रत्येक क्लबच्या अहवालात असतो. दात्याला विचारल्याशिवाय तो काढू नये, आणि सुई हातात असताना तर मुळीच नको.

चहाचं टेबल

क्लबमधला सगळ्यात अनुभवी माणूस कुठे बसवावा, असं विचाराल तर मी चहाच्या टेबलाकडे बोट दाखवीन. पहिल्या शिबिरात माझ्या वाट्याला हेच टेबल आलं, तेव्हा मला कमीपणा वाटला होता. नंतर लक्षात आलं, की चक्कर पुष्कळदा कॉटवरून उठल्यानंतर येते आणि तेव्हा डॉक्टर दुसऱ्या दात्याकडे असतात. दात्याला किमान पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, सरबत पाजायचं, बिस्किटं खायला लावायची. "मला काही होत नाही" म्हणत दोन मिनिटांत मोटारसायकलला किक मारणारा तरुण हाच इथला सगळ्यात अवघड पाहुणा. त्याला गप्पांत अडकवावं लागतं.

निघताना चार गोष्टी सांगायच्या: दिवसभर पाणी जास्त प्या, पट्टी काही तास राहू द्या, त्या हातानं आज जड उचलू नका, तासभर तरी विडी-सिगारेट नको. शरीरातला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात.

प्रमाणपत्र द्यावं. कुकर, हेल्मेट, बॅग यांचं आमिष दाखवू नये. याला इतिहास आहे. पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. वस्तूसाठी आलेला माणूस वस्तू हुकू नये म्हणून आजार लपवू शकतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं. पण संसर्ग अगदी ताजा असेल, तर काही दिवस तो तपासणीतही दिसत नाही. त्या काळात रुग्णाची भिस्त दात्याच्या खरेपणावरच असते.

गाडी वेळेवर सोडा

प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या असतील, तर रक्त घेतल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत पिशवी रक्तपेढीत फिरत्या यंत्रावर चढावी लागते. पुढे तांबड्या पेशी शीतकपाटात जातात, प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला की वर्षभर टिकतो, प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवतात. एकाच पिशवीतून अपघातातला जखमी, भाजलेला रुग्ण आणि डेंग्यूचा रुग्ण अशा तिघांना उपयोग होऊ शकतो. समारोपाची भाषणं लांबली, की यातला तिसरा वाटा धोक्यात येतो. म्हणून आभारप्रदर्शन गाडी गेल्यावर करावं.

रक्तगटाची पक्की तपासणीही पेढीतच होते. तिथे कधी चकवाही निघतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असा गट सापडला, जो वरवर 'ओ' वाटतो पण 'ओ' नसतो. हा गट असलेल्या रुग्णांना 'ओ' रक्तही चालत नाही, फक्त त्यांच्याच गटाचं चालतं. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. असा एखादा दाता आपल्या गावात निघाला, तर त्याची संमती घेऊन त्याचा पत्ता रक्तपेढीकडे राहील याची काळजी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक दात्याला एक फोन करावा: "बरं वाटतंय ना?" आणि वहीत ९० किंवा १२० दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवावी. तो फोन आणि ती तारीख सांभाळणाऱ्या क्लबला पुढच्या शिबिरासाठी बॅनर लावावे लागत नाहीत.

तुमच्या गावात शिबिर असेल, तर पोटभर नाश्ता करून जा. फॉर्मवर खरं तेच लिहा. रक्त घेतलं तर पंधरा मिनिटं बसा. आणि परत पाठवलं, तरी चहा घेतल्याशिवाय निघू नका.